शेतातली होडी

सेकंड इयरच्या व्हायव्हात मला मेटासेंटर विचारलं होतं. मेटासेंट्रिक हाइट जास्त म्हणजे होडी एकदम सेफ, असं मी ठोकून दिलं. सर नुसते हसले. ते का हसले, हे कळलं जोशुआ स्लोकमचं पुस्तक वाचल्यावर.

स्लोकम १८४४ साली कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात जन्मला. वडील बूट बनवायचे. शाळा लवकरच सुटली, आणि पोरगा चौदाव्या वर्षी घरातून पळून मासेमारीच्या जहाजावर आचारी झाला. तिथून चढत चढत मोठमोठ्या शिडाच्या जहाजांचा कॅप्टन! पण आगबोटी आल्या आणि शिडांचे दिवस संपले. स्वतःचं जहाजही ब्राझीलच्या किनाऱ्यावर फुटलं. पन्नाशीच्या तोंडावर माणूस बेकार.

१८९२ मध्ये एका मित्राने त्याला जहाज देऊ केलं. जाऊन बघतो तर अमेरिकेत फेअरहेवनच्या एका शेतात टेकू लावून ठेवलेली सडकी होडी, 'स्प्रे'! लोकांना वाटलं, हा ती मोडायला आलाय. याने जवळपासचे ओक तोडले, लाकडाला वाफ देऊन बाक आणला, एकेक फळी बदलली. जुनं जवळजवळ काही उरलं नाही, तरी नाव 'स्प्रे'च. तेरा महिने, ५५३ डॉलर ६२ सेंट.

होडी जेमतेम ३७ फूट लांब, पण रुंदी १४ फुटांवर. मोमेंट ऑफ इनर्शियात रुंदीचा घन येतो, म्हणून ती सहज कलायची नाही. शिडं आणि सांगाडा यांचा तोल असा जमला होता, की सुकाणू बांधून ठेवलं तरी ती सरळ चालायची. १८९७ मध्ये थर्सडे आयलंड ते कीलिंग बेटं हा २७०० मैलांचा प्रवास २३ दिवसांत झाला, आणि त्यात स्लोकम सुकाणूवर तीन तासही नव्हता.

२४ एप्रिल १८९५ ला तो बोस्टनहून एकटा निघाला. इंजिन नाही, आणि घड्याळ एका डॉलरचं, तेही फुटक्या तबकडीचं. २७ जून १८९८ ला तो न्यूपोर्टला पोचला. ४६,००० मैल! एकट्याने जगाची प्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस ठरला.

पण मित्रांनो, मेटासेंट्रिक हाइटचा हिशोब लहान कोनांपुरताच असतो. रुंद होडी आधी कलत नाही, पण एका मर्यादेपलीकडे कलली की परत उभी राहत नाही. 'स्प्रे'बद्दल पुढच्या डिझायनरांनी नेमकं हेच दाखवून दिलं. १९०९ च्या सुमारास, पासष्टीच्या घरातला स्लोकम तिच्यातूनच दक्षिणेकडे निघाला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही. होडी उलटली की आणखी काही घडलं, देव जाणे. त्याला पोहता येत नव्हतं.

सर, माझं उत्तर अर्धंच होतं.