संगणकाला माणसाची भाषा शिकवणाऱ्या ग्रेसबाई



आपल्यापैकी किती घरांची अमेरिकेतली सुरुवात कोबोलने झाली, याची मोजदाद केली तर आकडा बराच मोठा निघेल! १९९८-९९ च्या सुमारास 'वायटूके'च्या कामासाठी पुण्या-मुंबईहून आलेली तेव्हाची तरुण मंडळी आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेल्या जुन्या प्रोग्रामच्या ओळी शोधायच्या आणि दुरुस्त करायच्या, हे त्यांचे काम. पण त्या कोबोलच्या मुळाशी ज्या बाई होत्या, त्यांचे आयुष्य आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या वेळी ओळख करून देत आहोत रिअर ॲडमिरल ग्रेस हॉपर यांची.

ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. सात वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ आतून कसे चालते ते पाहण्यासाठी त्यांनी ते उघडले. पुन्हा जुळेना, म्हणून दुसरे उघडले, मग तिसरे... अशी घरातली सात घड्याळे खोलून झाली! आईने रागावण्याऐवजी एकच घड्याळ त्यांच्या हवाली केले आणि बाकीची वाचवली. पुढे व्हॅसर कॉलेजातून गणित व भौतिकशास्त्र घेऊन त्या १९२८ साली पदवीधर झाल्या आणि १९३४ साली येल विद्यापीठातून त्यांनी गणितात पीएच.डी. मिळवली. व्हॅसरमध्येच त्या गणित शिकवू लागल्या.

दुसरे महायुद्ध सुरू झाले नसते, तर कदाचित त्या प्राध्यापिका म्हणूनच निवृत्त झाल्या असत्या. नौदलात जायचे त्यांनी ठरवले तेव्हा वय जास्त आणि वजन नियमापेक्षा १५ पौंड कमी! खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या राखीव नौदलात दाखल झाल्या, प्रशिक्षणात पहिल्या आल्या आणि १९४४ साली त्यांची नेमणूक हार्वर्डमध्ये हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली 'मार्क १' या यंत्रावर झाली. हे यंत्र ५१ फूट लांब होते. त्याची ५०० हून अधिक पानांची माहितीपुस्तिका मुख्यतः ग्रेसबाईंनीच लिहिली. यंत्रात सापडलेल्या पतंगाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली असते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी 'मार्क २' मध्ये तो पतंग खरोखरच सापडला आणि नोंदवहीत चिकटवला गेला. पण 'बग' हा शब्द यंत्रातल्या दोषासाठी त्याआधीपासूनच वापरात होता. असो.

युद्धानंतरची वर्षे त्यांना जड गेली. १९४५ साली घटस्फोट झाला होता. चाळिशीमुळे नौदलाने कायम सेवेत घेतले नाही, आणि हार्वर्डमध्ये स्त्रियांना कायमची जागा मिळण्याची आशा नव्हती. या काळात दारूनेही त्यांना ग्रासले, इतके की जवळच्या मित्रांना त्यांना स्पष्ट शब्दांत सावध करावे लागले. अशा अवस्थेत, १९४९ साली, त्यांनी फिलाडेल्फियातल्या एकर्ट-मॉकली या लहानशा कंपनीत नोकरी धरली. तिथे 'युनिव्हॅक' तयार होत होता. पुढच्याच वर्षी ही कंपनी रेमिंग्टन रँडने विकत घेतली.

त्या काळी प्रोग्राम लिहिणे म्हणजे काय दिव्य होते, ते आजच्या मुलांना सांगूनही खरे वाटणार नाही. युनिव्हॅकची मेमरी होती अवघी १००० शब्दांची, आणि प्रत्येक शब्द १२ अक्षरांचा. म्हणजे हा आपला लेख त्यात ठेवला असता तर त्यानेच साधारण निम्मी जागा अडवली असती! ही मेमरी पाऱ्याने भरलेल्या नळ्यांची होती. नळीतून ध्वनिलहरींच्या रूपात माहिती सतत फिरत राहायची. प्रत्येक सूचना आणि प्रत्येक आकडा कुठल्या क्रमांकाच्या जागेवर ठेवायचा, याचा हिशेब माणसाने करायचा.

वर्गमूळ काढणे वगैरे नेहमीची कामे करणारे छोटे तुकडे, म्हणजे सबरूटीन, लोक एकमेकांच्या वह्यांतून उतरवून घेत. पण वहीत तो तुकडा शून्य क्रमांकाच्या जागेपासून लिहिलेला असे. आपल्या प्रोग्राममध्ये तो ४०० पासून सुरू होणार असेल, तर त्यातल्या प्रत्येक पत्त्यात ४०० मिळवायचे. इथेच घोटाळा व्हायचा! कुणी उतरवताना चुके, कुणी बेरजेत. ग्रेसबाईंच्या मनात आले की, उतरवणे आणि बेरीज करणे ही तर यंत्राचीच कामे. मग ती माणसाने का करावीत?

१९५१-५२ मध्ये त्यांनी 'ए-०' नावाचा कंपायलर तयार केला. सगळे सबरूटीन चुंबकीय टेपवर ठेवले आणि प्रत्येकाला एक खुणेचे नाव दिले. प्रोग्राम लिहिणाऱ्याने फक्त त्या खुणा क्रमाने लिहायच्या. ए-० टेपवरून ते तुकडे शोधून काढी, जागा वाटून देई, पत्ते दुरुस्त करी आणि सगळे जोडून पूर्ण प्रोग्राम हाती देई. आजच्या भाषेत याला 'लिंकर' किंवा 'लोडर' म्हणणे जास्त योग्य ठरेल, पण कंपायलर हा शब्द रूढ झाला तो इथूनच.

यात एक अडचण होती. पुढे येणाऱ्या, अजून जागाच न मिळालेल्या तुकड्याकडे उडी मारायची असेल तर पत्ता कुठला लिहायचा? इथे ग्रेसबाईंना कॉलेजातला बास्केटबॉल आठवला. मुलींच्या नियमांत चेंडू घेऊन लांब धावता येत नसे. तो जोडीदारणीकडे टाकायचा, स्वतः पुढे पळायचे आणि परत मागून घ्यायचा. त्याच धर्तीवर त्यांनी मेमरीच्या शेवटी एक राखीव कोपरा ठेवला. उडी आधी त्या कोपऱ्यात जायची, आणि खरा पत्ता ठरला की तो तिथे लिहिला जायचा. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवून जावे, तसेच हे!

यंत्र फक्त गणिते करते, ते प्रोग्राम लिहू शकत नाही, असेच तेव्हा बहुतेकांचे मत होते. त्यामुळे चालणारा कंपायलर हाताशी असूनही बराच काळ कुणी त्याला हात लावेना. ग्रेसबाईंनी वाद घालत बसण्यापेक्षा वेगळा मार्ग धरला. १९५३ साली सुधारित 'ए-२' युनिव्हॅकच्या ग्राहकांना मूळ प्रोग्रामसकट देऊन टाकला आणि सुधारणा केल्या तर आम्हालाही पाठवा, अशी विनंती केली. आज आपण ज्याला ओपन सोर्स म्हणतो, त्याचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण मानले जाते. वह्यांची देवाणघेवाण करणाऱ्यांनी ती सवय टेपवर आणली, एवढेच.

पुढची पायरी म्हणजे भाषा. हिशेबनीस आणि व्यापाऱ्यांना गणिती चिन्हे नकोत, साधे शब्द हवेत, असा त्यांचा आग्रह होता. वरिष्ठांना पटवण्यासाठी त्यांनी एक छोटा प्रोग्राम इंग्रजी शब्दांत दाखवला आणि पाठोपाठ तोच फ्रेंच व जर्मनमध्ये. यंत्राच्या दृष्टीने तिन्ही सारखेच! पण फिलाडेल्फियात बनलेल्या अमेरिकन यंत्राला परकी भाषा कळते म्हटल्यावर वरिष्ठ हबकलेच, आणि ग्रेसबाईंना काम इंग्रजीपुरते ठेवण्याचे वचन द्यावे लागले. घरात एक आणि ऑफिसात दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्याला या प्रसंगाची गंमत जास्तच कळेल. त्यातून 'फ्लो-मॅटिक' आली. १९५९ साली अनेक कंपन्या आणि सरकारी खाती यांच्या समितीने कोबोल रचली, तेव्हा तिचा मोठा आधार फ्लो-मॅटिक हाच होता. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवला गेला.

कंपायलर एकदा लिहिला की काम संपले, असे मात्र होत नाही. जो तो कोबोलमध्ये आपापले फेरफार करू लागला. १९६६ अखेर ग्रेसबाई नौदलातून निवृत्त झाल्या होत्या. पुढच्याच ऑगस्टमध्ये त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावले गेले, आणि थोडा खंड वगळता ते सहा महिने १९८६ पर्यंत लांबले! त्यांच्याकडे काम होते कंपायलर तपासण्याचे. ठरावीक चाचणी-प्रोग्राम चालवायचे आणि कोणता कंपायलर नियमाबाहेर जातो ते दाखवून द्यायचे. पुढे अमेरिकी सरकारला विकायच्या कोबोल कंपायलरना अशी परीक्षा द्यावी लागू लागली. शोधाइतके या निगराणीचे कौतुक होत नाही, पण कोबोल टिकली त्यात हिचा वाटा मोठा आहे.

व्याख्यानांत त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या तारा वाटत. एका नॅनोसेकंदात प्रकाश जातो तेवढे हे अंतर. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टनमध्ये 'कॉन्स्टिट्यूशन' या ऐतिहासिक जहाजावर त्या ७९ व्या वर्षी निवृत्त झाल्या आणि १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. नौदलाच्या एका युद्धनौकेला त्यांचे नाव आहे. २०१६ साली त्यांना मरणोत्तर 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' देण्यात आले, तर २०१७ साली येलने एका कॉलेजला त्यांचे नाव दिले.

कोबोल मात्र अजून आपल्यात आहे. एप्रिल २०२० मध्ये बेकारी भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा न्यू जर्सीच्या राज्यपालांना कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर साद घालावी लागली होती! ग्नू-कोबोल हा मुक्त कंपायलर आज कुणालाही फुकट मिळतो आणि २०२५ साली आलेल्या जीसीसीच्या १५ व्या आवृत्तीतही कोबोलचा समावेश झाला. दोन्हींचा मूळ प्रोग्राम सर्वांना खुला आहे. ए-२ च्या टेपबरोबर पाठवलेली ती विनंती अजूनही चालूच आहे म्हणायची.

मंडळी, घरातल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा, आणि एक फूटभर तार कापून त्यांच्या हातात द्या. शिवाय आपल्यापैकी ज्यांनी वायटूकेच्या रात्री जागवल्या आहेत, त्यांनी आपले अनुभव आम्हाला लिहून पाठवावेत. आम्ही वाट पाहत आहोत.