महाभारताचे शोधक : कै. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर

प्रभु वैजनाथाच्या ह्या क्षेत्री पोथी-पुराणाचे श्रवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पांडवांची कथा ठाऊक नाही असे घर आपल्यात सापडणे कठीण. परंतु महाभारताच्या हस्तलिखित पोथ्या ताडून पाहिल्या, तर काश्मीरची पोथी बंगालच्या पोथीशी जुळत नाही व मलबारची ह्या दोहोंशी जुळत नाही, हे फार थोड्यांस माहीत असते. ह्या शेकडो पोथ्यांतून सर्वांत प्राचीन असा पाठ शोधण्याचे काम ज्यांनी शास्त्रशुद्ध पायावर उभे केले, त्या डॉ. सुकथनकरांचे चरित्र ज्ञातिबांधवांच्या मुलाबाळांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. विद्वान कोणत्या ज्ञातीत जन्मला हा प्रश्न येथे गौण होय. विद्या सर्वांचीच असते.

विष्णुपंतांचा जन्म ४ मे १८८७ रोजी झाला. त्यांनी केंब्रिज विद्यापीठात गणिताचे उच्च शिक्षण घेतले. पुढे त्यांचा ओढा संस्कृतकडे वळला आणि बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक ल्यूडर्स यांच्या हाताखाली शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळविली. स्वदेशी परतल्यावर काही काळ ते पुराणवस्तुसंशोधन खात्यात होते. गणिताची काटेकोर शिस्त व व्याकरणाची सूक्ष्म दृष्टि असा दुर्मिळ संयोग त्यांच्या ठायी झाला होता. पुढील कार्यास त्याचाच उपयोग झाला.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची हाक प्रथम विंटरनिट्झ ह्या पंडिताने १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत दिली होती. युरोपातील योजना पहिल्या महायुद्धात विराम पावली. तेव्हा १९१७ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हे शिवधनुष्य उचलले, आणि १ एप्रिल १९१९ रोजी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते कार्यारंभ झाला. औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनी भरघोस साहाय्य देऊ केले; ज्या हैदराबाद संस्थानात त्या काळी आपली परळी होती, त्याच्या निजाम सरकारनेही पुढे वार्षिक अनुदान दिले. १९२५ साली प्रमुख संपादकाचे पद डॉ. सुकथनकरांकडे आले.

कामाची रीत अशी होती. एकेका श्लोकासाठी एकेक कागद घ्यावयाचा, वर श्लोक लिहावयाचा, आणि खाली आखलेल्या चौकटींत प्रत्येक पोथीतील पाठभेद अक्षर-अक्षर नोंदवावयाचा. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगु, ग्रंथ, मल्याळम, देवनागरी अशा अनेक लिप्यांतील पोथ्या. एकट्या पुण्यास हे झेपणे शक्य नव्हते. म्हणून पाठ ताडण्याचे एक केंद्र रवींद्रनाथांच्या विश्वभारतीत, तर दुसरे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात चालविले गेले. पर्वांची वाटणी करताना त्यांनी प्रांत वा देश पाहिला नाही. उद्योगपर्व डाक्का विद्यापीठातील सुशीलकुमार दे यांच्याकडे, तर सभापर्व अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या एजर्टन यांच्याकडे दिले. स्वतःकडे आदिपर्व व आरण्यकपर्व ठेवले.

आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी सुमारे साठ पोथ्यांचे पाठ जमेस धरले होते. आता खरी कसोटी होती. व्यासांनी सांगावे व गणपतीने लिहावे, ही आपणा सर्वांच्या आवडीची कथा प्राचीन पाठात बसत नाही, असे पुराव्यांवरून दिसले. तेव्हा त्यांनी ती मूळ पाठातून काढून परिशिष्टात छापली. श्रद्धाळू मनास हे बोचणारच. परंतु त्यांनी एकही श्लोक फेकून दिला नाही; जे वगळले तेही पुढील अभ्यासकांस तपासता यावे म्हणून तळटीपांत व परिशिष्टांत जतन केले. पुढे नेपाळचे राजगुरु पंडित हेमराज यांच्याकडील ताडपत्रावरील जुनी पोथी उजेडात आली. आदिपर्व छापले गेले तेव्हा ती कोणी पाहिलीही नव्हती. तरी तिच्या पाठाने सुकथनकरांच्या अनेक निर्णयांस दुजोरा मिळाला. न्यायाने केलेल्या निवाड्यास मागाहून साक्षीदार भेटावा, तसेच हे झाले.

आरण्यकपर्व १९४२ मध्ये हातावेगळे झाले. त्यानंतर मुंबई विद्यापीठाच्या वतीने महाभारताच्या अर्थावर त्यांनी चार व्याख्याने द्यावयाची होती. तीन झाली. चौथे होण्यापूर्वीच, २१ जानेवारी १९४३ रोजी, काळाने त्यांस ओढून नेले. वय अवघे पंचावन्न. ती व्याख्याने १९५७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

धुरीण गेला, तरी काम थांबले नाही. डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर व त्यांच्यामागून डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी तीच रीत पुढे चालविली आणि १९६६ साली, म्हणजे आरंभापासून सत्तेचाळीस वर्षांनी, अठरा पर्वे पूर्ण झाली. संपादकांचे चेहरे बदलले, पद्धति बदलली नाही. आपल्यामागे दुसऱ्यास चालविता येईल असे काम उभे करणे, ह्यातच डॉ. सुकथनकरांचा मोठेपणा आहे.

ज्ञातिबांधवांस एकच विनंती. आपल्या जुन्या वाड्यांत, देवघरांत, माळ्यावर रुमालात बांधलेल्या पोथ्या असतील, तर त्या जीर्ण झाल्या म्हणून नदीत सोडू नयेत. एखाद्या विद्यापीठाच्या वा संशोधनसंस्थेच्या स्वाधीन कराव्यात. कोणाच्या घरची पोथी उद्या कोणत्या सत्याची साक्ष देईल, हे आज कोण सांगणार? आणि आपल्या मुलांपैकी एखाद्याने गणितात गोडी दाखविली, तर संस्कृताचे दारही त्यास उघडे ठेवावे. दोन्ही विद्या एका ठायी नांदू शकतात, हे ह्या चरित्राने दाखवून दिले आहे.