नोबेलच्या यादीतील मुंबईकर

नोबेल पारितोषिकासाठी कोणाची नावे सुचविली गेली, हे पन्नास वर्षे गुप्त ठेवले जाते. ही मुदत उलटल्यावर भौतिकशास्त्राच्या जुन्या याद्या अभ्यासकांना खुल्या झाल्या, तेव्हा त्यांत एका मुंबईकराचे नाव आढळले. डॉ. होमी जहांगीर भाभा यांच्या नावाची शिफारस १९५१ मध्ये आणि पुढे १९५३ ते १९५६ अशी सलग चार वर्षे झाली होती. पारितोषिक मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. वडील बॅरिस्टर, तर आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. होमी यांनी केंब्रिजमध्ये यंत्र अभियांत्रिकी शिकावी आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले; पण त्यांचे मन भौतिकशास्त्राकडे ओढ घेऊ लागले. अभियांत्रिकीत प्रथम श्रेणी मिळविल्यास पुढील गणिताच्या शिक्षणाचा खर्च करू, अशी अट वडिलांनी घातली. १९३० मध्ये त्यांनी ती पूर्ण केली आणि १९३२ मध्ये गणितातही प्रथम श्रेणी पटकावली.

अंतराळातून येणारे विश्वकिरण हा त्या काळातील भौतिकशास्त्राचा ज्वलंत विषय होता. १९३७ मध्ये भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी या किरणांचा वर्षाव कसा होतो, याची मीमांसा केली. प्रचंड ऊर्जेचा इलेक्ट्रॉन वातावरणात शिरला की प्रकाशकण बाहेर पडतो, त्यातून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची जोडी जन्मते आणि ही साखळी वाढत जाऊन असंख्य कणांची सर जमिनीकडे झेपावते. याच क्षेत्रातील शोधांसाठी १९३६ मध्ये हेस व अँडरसन, १९४८ मध्ये ब्लॅकेट आणि १९५० मध्ये पॉवेल यांना नोबेल मिळाले.

१९३९ मध्ये भाभा सुटीसाठी मायदेशी आले आणि दुसरे महायुद्ध पेटले. परतीचा मार्ग खुंटल्याने ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाले. १९३० चे नोबेल मिळविणारे सर चंद्रशेखर व्यंकट रामन तेथेच होते. १९४१ मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी भाभा रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

युद्ध संपताच केंब्रिजला परतून संशोधनात रमणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी वेगळी वाट निवडली. १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून त्यांनी मूलभूत संशोधनाच्या संस्थेची योजना मांडली. अणुशक्तीचा वापर सुरू होईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, हा त्यामागचा विचार होता. १९४५ मध्ये बंगळुरूत स्थापन झालेली टाटा मूलभूत संशोधन संस्था त्याच वर्षअखेरीस मुंबईत पेडर रोडवरील बंगल्यात आली. १९६२ मध्ये कुलाब्यातील तिच्या वास्तूचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले.

१९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपदही भाभांकडे आले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथील 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. ज्या वर्षांत स्टॉकहोममध्ये त्यांच्या नावाचा विचार होत होता, त्याच वर्षांत ते माणसे हेरण्यात, प्रयोगशाळा उभारण्यात आणि सरकारी बैठकांत गुंतले होते. स्वतःचे संशोधन साहजिकच मागे पडले.

२४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे 'कांचनजंगा' विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. त्यात भाभांसह ११७ जणांचा अंत झाला. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते.

तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राला १९६७ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळची महाकाय रेडिओ दुर्बीण त्यांच्याच टाटा संस्थेने उभारली. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे जे गणित त्यांनी विशीत मांडले, ते 'भाभा स्कॅटरिंग' या नावाने ओळखले जाते. अशा कणांची टक्कर घडविणाऱ्या यंत्रांत शलाकांची तीव्रता मोजण्यासाठी शास्त्रज्ञ त्याचाच आधार घेतात.