सातवळेकरांची बिऱ्हाडे

परगावी गेलेल्या माणसाला आधी खोली मिळते, मग बिऱ्हाड होते आणि घर फार उशिरा होते. चित्रकार व वेदाभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या शंभर वर्षांच्या आयुष्यात हा क्रम एकदा नव्हे, अनेकदा घडला आणि पुन्हा पुन्हा मोडला. त्याची सुरुवात हैदराबादेत झाली.

सातवळेकरांचा जन्म १९ सप्टेंबर १८६७ रोजी कोलगावचा. पेडणे-डिचोलीच्या पलीकडे, सावंतवाडीला लागून असलेले हे गाव गोमंतकीयांना परके नाही. घरात वेदविद्येची परंपरा होती आणि मुलाच्या बोटांत चित्रकला. या दुसऱ्या गुणाने त्याला मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत नेले. तिथे त्यांनी मानाचे मेयो पदक मिळवले. परंतु पदकावर चरितार्थ चालत नसतो. व्यक्तिचित्रे काढून घेणारे सरदार-जमीनदार जिथे असतील, तिथे चित्रकाराने जावे, अशी तेव्हाची रीत होती. विसावे शतक उजाडण्याच्या सुमारास सातवळेकरांनी निजामाच्या राजधानीची वाट धरली.

मुंबईकडून निघालेला प्रवासी तेव्हा वाडी जंक्शनवर गाडी बदलून १८७४ साली सुरू झालेल्या निजामाच्या लोहमार्गाने सिकंदराबादेस पोहोचत असे. त्याच्यापुढे एक नव्हे, दोन शहरे उभी असत. १८०६ मध्ये सिकंदर जाह या निजामाच्या नावाने वसलेले सिकंदराबाद म्हणजे इंग्रजांची छावणी. हुसेनसागराच्या अलीकडे इंग्रजी शिस्त, पलीकडे निजामाचा अंमल आणि उर्दू दरबार. मुसीकाठच्या रेसिडेन्सीभोवतीच्या बाजारांवर तर निजामाच्या राजधानीत असूनही इंग्रज रेसिडेंटची हुकमत चाले. नवख्या माणसाने कुठे राहायचे, हा केवळ भाड्याचा प्रश्न नव्हता. आपण कोणाच्या अमलाखाली झोपणार, हेही त्यातच ठरत असे.

मराठी माणसाला मात्र येथे अगदीच परके वाटण्याचे कारण नव्हते. निजामाच्या राज्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे होते. तिकडचे वकील, कारकून आणि विद्यार्थी राजधानीत येत. नव्याने येणाऱ्याला ओळखीपाळखीतून आधार मिळे. सातवळेकरांनी येथे चित्रशाळा थाटली. चित्रकाराचे बिऱ्हाड इतरांच्या बिऱ्हाडासारखे नसते. त्याला झोपण्यापुरता कोपरा चालतो, पण चित्रासाठी दिवसभर न बदलणारा उजेड लागतो आणि समोर बसणाऱ्या प्रतिष्ठिताला शोभेल अशी बैठक लागते. ते सारे जमले, व्यक्तिचित्रांची कामे मिळू लागली आणि कोकणातून आलेला तरुण या शहराचा रहिवासी झाला.

पण नुसते राहणे त्यांना पुरेसे नव्हते. येथेच त्यांचा आर्यसमाजाशी निकटचा संबंध आला. वडिलार्जित वेदपाठाकडे ते नव्या दृष्टीने पाहू लागले. स्वामी दयानंदांचा ‘सत्यार्थप्रकाश’ त्यांनी मराठीत आणला. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदी मंडळींनी १९०७ च्या सुमारास विवेकवर्धिनी पाठशाळा उभी केली, तिच्या कार्यातही सातवळेकरांचा हात होता. परक्या गावात आपल्या मुलांची शाळा उघडली की तो गाव आपला होऊ लागतो. हैदराबादच्या मराठी समाजाने तेच केले.

दुर्दैव असे की, गाव आपला वाटू लागला त्याच वेळी तो सोडण्याची पाळी आली. वंगभंगानंतर स्वदेशीचा वणवा देशभर पेटला होता. अथर्ववेदातील भूमिसूक्तात सातवळेकरांना राष्ट्रभक्तीचे स्तोत्र दिसले. ‘वैदिक राष्ट्रगीत’ या त्यांच्या पुस्तकावर सरकारची वक्रदृष्टी वळली. स्वदेशीवरील त्यांची व्याख्यानेही रेसिडेन्सीला खुपत होती. निजामाच्या राज्यात निजामाचा आश्रय असला, तरी रेसिडेंटच्या नापसंतीपुढे तो टिकत नसे. जमवलेली चित्रशाळा, गिऱ्हाईक, मित्रमंडळ मागे टाकून सातवळेकरांना हैदराबाद सोडावे लागले.

यापुढे विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन त्यांचा प्रवास चालला. हरिद्वारजवळच्या कांगडी गुरुकुलात त्यांनी आसरा घेतला. तोवर त्यांचा ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा लेख कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात छापला गेला होता. १९०८ मध्ये त्या मासिकावर राजद्रोहाचा खटला झाला, त्यात विष्णु गोविंद विजापूरकर आणि वामन मल्हार जोशी यांना कारावास भोगावा लागला. लेखकाचा माग काढीत पोलीस गुरुकुलापर्यंत गेले आणि सातवळेकरांनाही अटक झाली. त्या संकटातून बाहेर पडल्यावर त्यांनी लाहोरात पुन्हा कुंचला हाती धरला, पुन्हा चित्रशाळा मांडली. पंजाबातील सरकारी दडपशाहीच्या काळात तेही बिऱ्हाड मोडले.

१९१८ मध्ये सातारा भागातील औंध या चिमुकल्या संस्थानात त्यांना खरा थारा मिळाला. तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. ज्या गुणांसाठी सातवळेकरांना इतरत्र हद्दपारी मिळाली, त्याच गुणांसाठी येथे त्यांचे स्वागत झाले. स्वाध्याय मंडळ उभे राहिले, छापखाना आला, वेदसंहिता शुद्ध स्वरूपात व अल्प किमतीत छापून घरोघर जाऊ लागल्या. कुंचला मागे पडून लेखणी पुढे आली. तीस वर्षे हे घर टिकले. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या क्षोभात औंधही त्यांना सोडावे लागले. तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते.

त्या वयात माणूस नव्या गावाचा विचारही करीत नाही. सातवळेकरांनी गुजरातेतील पारडी येथे स्वाध्याय मंडळ पुन्हा उभे केले आणि पुढची वीस वर्षे तिथेच ग्रंथ सिद्ध केले. १९६८ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी, एकशे एकावे वर्ष पुरे होण्यास काही आठवडे उरले असता, त्यांनी देह ठेवला.

हैदराबादेतून निघताना त्यांच्या हाती घर नव्हते. तिथे रुजलेला वेदांचा नवा अभ्यास मात्र होता. रेसिडेन्सीला त्यांचे बिऱ्हाड उठवता आले, तो अभ्यास उठवता आला नाही. हरिद्वार, लाहोर, औंध, पारडी असा तो त्यांच्याबरोबर फिरला, आणि जिथे तो मांडता आला तिथेच त्यांनी आपले घर मानले. त्यांनी उभारणीस हातभार लावलेली विवेकवर्धिनी मात्र हैदराबादेतच राहिली, आणि त्या शहरात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांच्या मुलांना पिढ्यानपिढ्या शाळेचा आधार मिळाला.