सेनापति थॉमस फेअरफॅक्स

इंग्लंडांतील यादवी युद्धाचें नांव निघालें म्हणजे बहुतेकांस ऑलिव्हर क्रॉमवेल यांचें स्मरण होतें. परंतु ज्या सेनेच्या बळावर पार्लमेंटाचा जय झाला, तिचे मुख्य सेनापति सर थॉमस फेअरफॅक्स होते, हें थोड्यांसच ठाऊक असतें. त्यांचा वृत्तांत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १६१२ रोजीं यॉर्कशायरांतील डेंटन येथें झाला. वर्ण सांवळा असल्यामुळें लोक त्यांस काळा टॉम म्हणत. १६४२ सालीं राजा पहिला चार्ल्स व पार्लमेंट यांजमध्यें युद्ध जुंपलें. प्रजेच्या प्रतिनिधींच्या संमतीवांचून कर बसवावे व उपासनेची रीतहि आपणच ठरवावी, असा राजाचा आग्रह होता. फेअरफॅक्स यांनीं पार्लमेंटाचा पक्ष धरिला.

आरंभीं त्यांस अपयश आलें. १६४३ सालीं ॲडवॉल्टन येथें पराभव होऊन त्यांस पळावें लागलें. मनगटास गोळी लागलेली, जेमतेम पांच वर्षांची कन्या मेरी दासीजवळ घोड्यावर, आणि पत्नी ॲन शत्रूच्या हातीं सांपडलेली, अशा स्थितींत त्यांनीं हल शहर गांठलें. राजपक्षाचे सेनापति न्यूकॅसल यांनीं मात्र त्या बाईंस आपल्या गाडींतून सन्मानानें परत पाठविलें.

१६४५ सालीं पार्लमेंटानें सुमारें २२,००० लोकांची नवी सेना उभारिली आणि तेहेतीस वर्षांच्या फेअरफॅक्स यांस तिचे सेनापति नेमिलें. क्रॉमवेल त्यांच्या हाताखालीं घोडदळाचे प्रमुख होते. १४ जून रोजीं नेझबी येथें राजाच्या सैन्याचा मोड झाला. त्या लढाईंत फेअरफॅक्स यांनीं स्वतः जिंकलेलें निशाण एक शिपाई आपणच जिंकलें म्हणून मिरवूं लागला, तरी त्यांनीं त्यास तो मान खुशाल घेऊं दिला, असें सांगतात. पुढील वर्षीं ऑक्सफर्ड हातीं आलें, तेव्हां लूट होऊं नये म्हणून तेथील बोडलियन ग्रंथालयावर त्यांनीं पहारा बसविला.

त्यांचा दोषहि आम्हीं झांकूं नये. १६४८ सालीं कोलचेस्टरच्या वेढ्यांत नगरवासीयांची घोर उपासमार झाली, व शरण आलेल्या दोघां सरदारांस त्यांच्या संमतीनें गोळ्या घालण्यांत आल्या.

१६४९ च्या जानेवारींत राजाची चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांत त्यांचें नांव पहिलें होतें. ते प्राथमिक बैठकीस एकदांच गेले, पुन्हां गेले नाहींत. त्यांच्या पत्नीनें तर भर न्यायसभेंत सज्ज्यांतून निषेधाचे शब्द उच्चारिले. ३० जानेवारीस राजाचा शिरच्छेद झाला. सर्व सेना ज्यांच्या हातीं, त्यांनीं तो थांबविला नाहीं; केवळ आपले हात त्यांत घातले नाहींत. एवढें पुरे होतें काय, हा प्रश्न राहतोच.

पुढें १६५० सालीं स्कॉटलंडावर आपण होऊन चाल करण्याचें ठरलें. एका धर्मकरारानें बांधलेल्या शेजाऱ्यांवर शस्त्र उगारण्यास त्यांचें मन घेईना. त्यांनीं सेनापतिपद सोडिलें, तें क्रॉमवेल यांस मिळालें. फेअरफॅक्स नन ॲपलटन येथें जाऊन राहिले. १६६० सालीं राज्यांत पुन्हां गोंधळ माजला, तेव्हां शांततेकरितां ते बाहेर पडले व दुसऱ्या चार्ल्सला आणावयास हेग येथें गेलेल्या मंडळींत होते. १२ नोव्हेंबर १६७१ रोजीं ते मरण पावले.

वाचकहो, मंडळींत किंवा गांवांत ज्यांस थोडाबहुत अधिकार आहे, त्यांनीं हें चरित्र मनांत वागवावें. सदसद्विवेकबुद्धीकरितां मोठें पद सोडणें कठीण. परंतु पद हातीं असतां, योग्य वेळीं, स्पष्ट बोलणें त्याहूनहि कठीण आहे.