पाच कोटी प्रतींचे पुस्तक आणि त्यातला एक चुकीचा सल्ला

दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. सैनिक घरी परतत होते, नवे संसार मांडले जात होते. अशा वेळी, १९४६ मध्ये, अमेरिकेत बालसंगोपनावरचे एक पुस्तक आले. त्याच्या स्वस्त आवृत्तीची किंमत होती अवघी २५ सेंट. पहिल्या सहा महिन्यांत सुमारे पाच लाख प्रती खपल्या. पुढच्या अर्धशतकात ते जवळपास ४० भाषांत पोहोचले आणि सुमारे पाच कोटी प्रतींची विक्री झाली. लेखक होते डॉ. बेंजामिन स्पॉक. मुलांना वाढवण्याविषयी कोणते पुस्तक वाचावे आणि त्यावर किती विसंबावे, असा प्रश्न पडलेल्या पालकांना या डॉक्टरांच्या आयुष्यातून बरेच काही कळू शकते.

स्पॉक यांचा जन्म २ मे १९०३ रोजी कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे झाला. वडील वकील होते. आई करड्या शिस्तीची. सहा भावंडांत थोरले असल्याने धाकट्यांना सांभाळण्याची सवय त्यांना लहानपणीच लागली. येल विद्यापीठात ते नौकानयन करू लागले आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आठ जणांच्या संघातून त्यांनी सुवर्णपदकही मिळवले. १९२९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. बालरोगाबरोबर त्यांनी मनोविश्लेषणाचेही शिक्षण घेतले. त्या काळात हे दोन्ही विषय शिकणारे डॉक्टर फारच थोडे होते.

तोवर पालकांच्या हाती जी पुस्तके होती, त्यांचा सूर दरडावणीचा होता. डॉ. एमेट होल्ट यांच्या १८९४ च्या पुस्तकात बाळाला घड्याळाच्या काट्यावर दूध पाजायला सांगितलेले होते. मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ मध्ये आयांना बजावले, की मुलांचे पापे घेऊ नका, त्यांना मांडीवर खेळवू नका. लाडाने मूल बिघडते. भुकेने रडणाऱ्या बाळाला पुढच्या वेळेपर्यंत तसेच ठेवताना आईचा जीव तुटे, पण पुस्तकापुढे तिचे काही चालत नसे.

स्पॉक यांनी ही भीती काढून टाकली. आईवडिलांनी स्वतःच्या समजुतीवर भरवसा ठेवावा, मुलाला भूक लागेल तेव्हा भरवावे, जवळ घ्यावे, असे त्यांनी साध्या भाषेत लिहिले. वर्ष-दोन वर्षांच्या मुलांविषयीचे त्यांचे म्हणणे तर आजही उपयोगी आहे. चालू लागलेले मूल सगळीकडे हात घालते, ते खोडसाळपणाने नव्हे. त्याला दिवसभर ओरडत बसण्यापेक्षा फुटणाऱ्या आणि धोक्याच्या वस्तू उंचावर ठेवाव्यात आणि त्याचे लक्ष दुसरीकडे वळवावे. दोन वर्षांच्या मुलाचे सारखे ‘नाही, नाही’ म्हणणे हा वाढीचाच एक टप्पा आहे. शी-शूची सवय लावताना जबरदस्ती करू नये.

या पुस्तकाने स्पॉक घरोघरी पोहोचले. पुढे व्हिएतनाम युद्धाला विरोध करताना तरुणांना सैन्यभरती टाळायला चिथावल्याच्या आरोपावरून १९६८ मध्ये त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली; ती पुढच्या वर्षी अपिलात रद्द झाली. देशातील तरुणांच्या बंडखोरीचे खापर विरोधकांनी त्यांच्या पुस्तकावरच फोडले. स्त्रीवादी कार्यकर्त्यांची टीका मात्र स्पॉक यांनी मनावर घेतली. १९७६ च्या आवृत्तीत त्यांनी बाळाला सरसकट ‘तो’ म्हणणे सोडले आणि संगोपनात वडिलांचा वाटा वाढवला. पुस्तक बदलता येते, बदलायला हवे, हे त्यांना मान्य होते.

तरीही एक चूक फार काळ राहिली. १९५८ च्या आवृत्तीत तान्ह्या बाळाला पालथे झोपवणे बरे, असा सल्ला होता. कारण असे दिले होते, की उताणे झोपलेल्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकून बाळ गुदमरेल. ऐकायला हे पटण्यासारखे होते, पण ते कोणी तपासून पाहिले नव्हते. असाच सल्ला इतर पुस्तकांत आणि रुग्णालयांतही दिला जाऊ लागला. प्रत्यक्षात पालथे झोपणाऱ्या बाळांमध्ये झोपेत अचानक, कारण न कळता होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण अधिक होते. १९९२ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पालथे न झोपवण्याची शिफारस केली आणि १९९४ मध्ये देशव्यापी मोहीम सुरू झाली. दशकभरात असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, १९७० पर्यंतचे पुरावे वेळीच एकत्र करून पाहिले असते, तर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलेशियात मिळून ५० हजारांहून अधिक बाळांचे मृत्यू टळू शकले असते.

ही चूक घराघरात लक्षात का आली नाही? मोहिमेपूर्वी अमेरिकेत हजार जन्मांमागे असे मृत्यू साधारण एक ते दीड होते. म्हणजे बाकी सगळ्या घरांत पालथे झोपलेले बाळ सकाळी हसत उठत होते. त्या आयांचा अनुभव खराच होता, पण तो पुरेसा नव्हता. असा धोका हजारो बाळांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तरच दिसतो.

स्पॉक यांचे १५ मार्च १९९८ रोजी, ९४ व्या वर्षी निधन झाले. त्याच वर्षी आलेल्या सातव्या आवृत्तीत दोन वर्षांनंतर मुलांना दूध आणि मांसाहार देऊ नये, असे त्यांनी सुचवले होते. डॉ. बेरी ब्रेझल्टन यांच्यासारख्या नामवंत बालरोगतज्ज्ञांनी त्याला उघड विरोध केला. लेखक मोठा असला, तरी त्याचा प्रत्येक सल्ला त्याच्या नावावर मान्य होत नाही.

म्हणून पुस्तक घेताना त्यातल्या सल्ल्यांचे दोन भाग करावेत. हट्ट, जेवणाची नाटके, भांडणे, शी-शूची सवय यांविषयीचे सल्ले घरी करून पाहता येतात. आपल्या मुलाला जमले नाही तर सोडून देता येतात. तिथे लेखक कारण सांगतो का, पालकांना घाबरवतो का, एवढे पाहिले तरी पुरे. झोप, लस, औषध, आहार आणि अपघात यांविषयीचे सल्ले मात्र घरच्या अनुभवावर जोखू नयेत. तिथे आधी आवृत्तीचे साल पाहावे. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना लसीकरणाचे वेळापत्रक वेळोवेळी सुधारते, त्यामुळे थोरल्याच्या वेळी घेतलेल्या पुस्तकातला तक्ता धाकट्यासाठी जुना झालेला असू शकतो. अशा बाबतीत पुस्तकात काहीही असले, तरी शेवटचा शब्द मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरांचा असावा.