रेव्हरंड टिळक आणि नवशिष्यांची जोपासना

धर्मांतर करणाऱ्या माणसाचा पहिला दिवस सोहळ्याचा असतो. त्याचे खरे हाल दुसऱ्या दिवसापासून सुरू होतात. बाप्तिस्म्याचा विधी घटकाभरात आटोपतो, पण जात सुटली, घर तुटले, आणि नव्या समाजाची रीतभात अजून अंगवळणी पडलेली नाही, अशा माणसाला त्यानंतर कोणी सांभाळावयाचे? त्याची श्रद्धा कोणी वाढवावयाची? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी ख्रिस्ती समाजात हा प्रश्न ज्यांना सर्वांत अधिक जाचला, त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. फुलामुलांचे कवी म्हणून शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून ते आपल्या घराघरांत पोहोचले आहेत. त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू मात्र आपल्याकडील वाचकांस तितकीशी परिचित नाही.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात झाला. आई जानकीबाई भाविक व काव्याची आवड असलेल्या. वडील वामनराव कडक स्वभावाचे. आईचे छत्र लहानपणीच हरपले आणि मुलाचे मन घरातून उडाले. तो नाशिकला आला व गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. गुरूच्या पायाशी बसून विद्या घेण्याची ही जुनी रीत त्यांच्या मनात कायमची रुजली. पुढे धर्म बदलला तरी ही रीत काही त्यांनी टाकली नाही. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनू त्यांची पत्नी झाली. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून मराठी वाङ्मयात अमर झाल्या.

टिळकांचा पाय एका जागी ठरत नसे. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी पुराणिक, असे करीत ते नागपुरास पोहोचले. तेथे श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. १८९३ च्या सुमारास त्यांना राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली. बैरागी महंतांच्या गादीचे हे छोटे संस्थान. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे अशा दरबारांच्या आश्रयाने आपली घराणी जशी देशाबाहेर गेली, तसेच हे कोकणस्थ पंडित पोटासाठी त्या मुलुखात निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. काव्यावरून गोष्ट धर्मावर गेली. उतरताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते तेव्हा चमत्कारिक वाटले असेल. पण पुस्तक उघडले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. धर्माविषयी जे प्रश्न त्यांना वर्षानुवर्षे छळीत होते, त्यांची उत्तरे त्यांना तेथे सापडली.

पुढील काळ त्यांनी एकट्याने काढला. आपले नाव न सांगता एका ख्रिस्ती नियतकालिकाकडे ते शंका लिहून पाठवीत व उत्तरांची वाट पाहत. जवळ बसून शंका फेडणारा कोणी नाही, घरात बोलण्याची सोय नाही, अशी ही अवस्था. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो आपल्याच देशातील पाळकाच्या हातून घेण्याचा त्यांचा आग्रह होता व रे. तुकाराम नथोजी यांच्या हातून तो पुरा झाला. मग ते अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाला आले, डॉ. ह्यूम यांच्या सहवासात राहू लागले आणि धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

नगरास त्यांनी नवख्रिस्त्यांचे जीवन जवळून पाहिले. गावाने वाळीत टाकलेल्या माणसाला मिशन आसरा देई, त्याच्या मुलांना शाळेत घाली, जमल्यास शिक्षकाची किंवा उपदेशकाची नोकरी देई. मिशनऱ्यांच्या कष्टांबद्दल टिळकांना आदर होता. पण त्यातून एक व्यंग निर्माण होत होते. शिष्य होण्याऐवजी माणूस आश्रित होई. साहेब हा मायबाप, पगार हा आधार, आणि धर्म हा त्या व्यवस्थेचा एक भाग, अशी समजूत बळावे. ज्या मंडळीत नवा माणूस केवळ वहीतली एक नोंद ठरतो, ती मंडळी संख्येने वाढली तरी आतून अशक्तच राहते, हे टिळकांना दिसू लागले.

या बाबतीत त्यांची पहिली कसोटी त्यांच्याच घरात लागली. नवऱ्याने धर्म सोडल्याची बातमी कानी आली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. चार-पाच वर्षे हा दुरावा टिकला. टिळकांच्या हाती पतीचा अधिकार होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांनी जबरदस्ती केली असती तर जगाने फारसा बोल लावला नसता. पण ते पत्रे लिहीत राहिले, भेटीस येत राहिले आणि वाट पाहत राहिले. पुढे लक्ष्मीबाई नगरास आल्या त्याही आपले सोवळे, आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवून. टिळकांनी ते चालू दिले. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हा विचार त्यांच्या मनात त्यांच्या त्यांनीच उगवला, आणि तो उगवल्यावर मात्र त्या मागे फिरल्या नाहीत. १९०० साली राहुरीस त्यांचा बाप्तिस्मा झाला. शिष्याला पिकू द्यावे लागते, हे सूत्र टिळकांना पुस्तकापेक्षा या पाच वर्षांनीच अधिक शिकविले असावे.

तो काळही मोठ्या आपत्तीचा होता. आपल्या माळव्या-गुजराथेकडे ज्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, त्या १८९९-१९०० च्या दुष्काळाने नगर जिल्ह्यालाही होरपळून काढले. अनाथ मुलांनी मिशनचे आश्रम भरले आणि पुष्कळांचे बाप्तिस्मे झाले. टिळक पतिपत्नींनी त्या मुलांसाठी हाडाची काडे केली. पोट भरण्याची सोय होई, अक्षरओळखही होई. पण या मुलांनी देवाला हाक मारावयाची ती कोणत्या शब्दांत? भाषांतरित गीते परक्या चालींवर म्हणताना त्यांच्या जिभा अडखळत. आजीच्या ओव्या आणि गावच्या देवळातले भजन ज्यांच्या कानात होते, त्यांना ही प्रार्थना आपली कशी वाटावी?

टिळकांनी येथे आपली सारी प्रतिभा ओतली. अभंग, पद, ओवी, आरती या घरच्या छंदांत त्यांनी ख्रिस्तभक्तीची शेकडो गीते लिहिली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती, आणि महाराष्ट्राच्या संतांची वाणी ही आपल्या लोकांसाठी जुन्या कराराच्या ठिकाणी आहे, असे ते मानीत. धर्म बदलला म्हणून ज्ञानोबा-तुकोबा परके करण्याची त्यांना गरज वाटली नाही. कीर्तनाची जुनी हातोटीही उपयोगी पडली. निरक्षर माणूस प्रवचन विसरतो, पण टाळावर म्हटलेले पद शेतातही गुणगुणतो, हे कीर्तनकाराला सांगावे लागत नाही. नवशिष्याच्या मनात शिकवण मुरावी म्हणून टिळकांनी योजलेले हे सर्वांत परिणामकारक साधन होय. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त त्यांच्या पदांचा वाटा फार मोठा आहे.

दुसरे साधन म्हणजे त्यांचे घर. ते कधी रिकामे नसे. विद्यार्थी, अनाथ, वाट चुकलेले, नवे-जुने भक्त सारेच तेथे जेवीत, वाद घालीत आणि राहत. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले, तेव्हा धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने सभेत कविता म्हणून सर्वांना थक्क केले. तेच आपले बालकवी. टिळकांनी त्यांना नगरास आणले, शाळेत घातले, आणि लक्ष्मीबाईंनी पोटच्या मुलाप्रमाणे त्यांचे केले. बालकवी हिंदूच राहिले. त्यांनी धर्म बदलावा अशी अट त्या घरात नव्हती. फूल आपल्या रंगाने उमलावे, माळ्याने पाणी तेवढे घालावे, हा या घरचा रिवाज. जे कवीच्या बाबतीत तेच भक्ताच्या.

१९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन टिळकांकडे आले. १८४२ साली निघालेल्या या पत्रातून त्यांनी स्वदेशप्रीती, मराठी भाषा आणि स्वावलंबी मंडळी यांचा पाठपुरावा केला. पण लेखांनी त्यांचे समाधान होईना. अखेर १९१७ साली वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्यांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला, सातारा येथे मुक्काम केला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. संस्थानी दरबार ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या नावाची गोडी विशेष कळेल. मात्र या दरबारात मानकरी आणि चाकर असा भेद नव्हता. ख्रिस्त हा एकच धनी, बाकी सारे बंधू. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य येथे एकत्र भजन, प्रार्थना आणि सेवा करणार होते. पगार नाही, हुद्दा नाही. नव्या भक्ताने जुन्या भक्ताजवळ राहावे आणि पाहून शिकावे, ही आपल्या देशातील गुरुशिष्यांची वाट टिळकांनी मंडळीसाठी मोकळी केली.

हे सर्वांना रुचले असे नाही. बाप्तिस्मा न घेतलेल्याला शिष्य म्हणावे काय, अशी शंका अनेकांना आली, आणि ती अगदीच निराधार होती असेही नाही. ज्या मंडळीला सीमा नाही ती टिकावयाची कशी, हा प्रश्न व्यवहारी माणसे विचारणारच. टिळकांचे उत्तर त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात होते. आगगाडीतील भेटीपासून बाप्तिस्म्यापर्यंत दोन वर्षे ते दाराबाहेर उभे होते, आणि त्यांची पत्नी पाच वर्षे. दाराबाहेर उभ्या असलेल्यांनाही कोणी बसावयास पाट मांडावा, एवढेच त्यांना हवे होते.

त्यांचे दोष झाकण्याचे कारण नाही. टिळक मोठे तापट आणि लहरी होते. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. हातचे देऊन टाकावयाचे आणि घरखर्चाची काळजी लक्ष्मीबाईंनी वाहावयाची, असा प्रकार वारंवार घडे. संसारी बाईला याचा किती जाच होत असेल, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना सांगावयास नको. संस्था चालविण्यास जी शिस्त आणि हिशेब लागतो तो त्यांच्यापाशी नव्हता. दरबारासाठी त्यांना आयुष्यही पुरले नाही. १९१८ च्या मे महिन्यात बालकवी रेल्वेच्या अपघातात गेले आणि पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांनी देह ठेवला. त्यांच्यामागे दरबार फार दिवस भरला नाही.

तेव्हा टिळकांचा प्रयोग फसला असे म्हणावे काय? संस्थेच्या दृष्टीने पाहिले तर फसला. पण शिष्यांच्या दृष्टीने पाहिले तर हिशेब वेगळा निघतो. टिळकांनी १९०९ साली ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य लिहावयास घेतले होते. ते दहा-अकरा अध्यायांवर थांबले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या आणि सोवळ्यासाठी वेगळी चूल मांडून बसलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यापुढे साठांहून अधिक अध्याय रचले आणि १९३६ साली डोळे मिटेपर्यंत ते काम सोडले नाही. उरलेला शेवट मुलगा देवदत्त यांनी केला. शिवाय ‘स्मृतिचित्रे’ आहेतच. त्यांच्या तोडीचे आत्मचरित्र मराठीत शोधावेच लागेल. जिला घाईने ओढून आणली असती तर कदाचित कायमची दुरावली असती, तीच सर्वांत पक्की शिष्या ठरली.

१९२२ साली अहमदनगरास ख्रिस्त सेवा संघ निघाला. त्याचे संस्थापक विन्स्लो यांनी टिळकांचे चरित्र लिहिले आणि आश्रमवासाची तीच दिशा पुढे नेली. आपल्या घराण्यांतूनही कुणी विद्येसाठी, कुणी संगीतासाठी एखाद्या बुवांच्या घरी बारा वर्षे राहिल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. टिळकांनी तोच वारसा एका नव्या धर्ममंडळीच्या हाती दिला. मंडळीचे बळ किती जणांनी प्रवेश घेतला यावर मोजले जाते. टिळक मात्र आलेल्या माणसाला वाढविण्यासाठी किती जणांनी आपल्या घराचे दार उघडे ठेवले, हे मोजीत. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांत रविवारी आजही त्यांची पदे म्हटली जातात, आणि नव्याने आलेल्या मुलाला ती कुणीतरी शेजारी उभे राहून चाल धरून शिकविते.